लालबाग ते धूमकेतू, माहीममार्गे

आमच्या ग्रुपमधले लोक आकाश बघायला लडाखला जातात, कच्छच्या रणात जातात, निदान वांगणीपर्यंत तरी जातात. परत आले की फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘एकदा तरी जाच.’ मी लालबागहून माहीमला गेले. टॅक्सीने म्हणाल तर काहीच अंतर नाही. पण त्या ऑक्टोबरात तेवढं कापायला मला जवळजवळ आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात जेवढ्या लोकांशी भांडले तेवढ्यांशी एरवी वर्षभरात भांडत नाही. मुंबईत राहून वर बघायचं ठरवलं तर काय काय करावं लागतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये मान खाली घालून बसायचं, म्हणून संध्याकाळी मान वर करायची सवय लावून घेतली. ‘वर बघ’ हा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यात निवृत्त मास्तर आहेत, एक दातांची डॉक्टर आहे, आणि मिलिंद आहे. मिलिंद माझ्या शाळेतला. परळच्या चाळीत, जिन्याखालच्या जागेत बसून त्याने दुर्बिणीचा आरसा स्वतः घासून तयार केला. आता बँकेत ऑफिसर आहे, पण दुर्बीण तीच. ग्रुपवर बातम्या सगळ्यात आधी तोच टाकतो. सप्टेंबरच्या शेवटी त्याचा मेसेज आला, ‘वाचला रे! सूर्याला वळसा घालून वाचला!’

म्हणजे धूमकेतू. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं. दसऱ्यानंतर तो संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर, पश्चिमेला दिसणार होता. रोज थोडा वर, पण रोज थोडा फिकट. काही दिवसांचाच खेळ. पुन्हा येईल तेव्हा मराठी बोलणारं कुणी असेल की नाही कोण जाणे.

मी घरी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा आई मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

“शेपटेचो तारो?” ती म्हणाली. “मालवणाक बगलेलंय मी. न्हान होतंय. आजो आमका सगळ्यांका पाटे उठवन दर्यार घेवन गेलेलो. हातभर शेपूट होती त्येची.” मग थोडं थांबून, “माका दाखव गो ह्यो.”

आईने माझ्याकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. गुडघे दुखतात तेव्हासुद्धा बाम मागत नाही.

लालबाग

दसऱ्याला मिलिंद नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता, दरवर्षी जातो. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघीच.

आमची चाळ आणि शेजारची गिरणी मिळून बिल्डरने जागा घेतली. चाळकऱ्यांना मागे एक ‘रिहॅब’ इमारत दिली, पुढे विक्रीचा टॉवर उभा केला. टॉवर बरोब्बर आमच्या पश्चिमेला. दुपारी साडेतीननंतर आमच्या घरात सूर्य नसतो, तर धूमकेतू कुठून येणार? आमच्या गच्चीला कुलूप, कारण तिथे मोबाइलचे अँटेना आहेत. आणि कुलूप निघालं तरी समोर टॉवरच.

टॉवरच्या वर मात्र ‘स्काय डेक’ आहे. बांधकाम चालू होतं तेव्हा रस्त्यावर मोठं होर्डिंग होतं, ‘आता आकाश तुमचं’. मी म्हटलं, बघू या विचारून.

आईला कोपऱ्याकोपऱ्यावर टेकवत पुढच्या गेटपर्यंत नेलं. गार्ड म्हणाला, “मॅडम, इधर से नहीं. रिहॅब का गेट पीछे है.”

“आम्हाला रिहॅबमध्ये जायचं नाही. वर जायचंय. पंधरा मिनिटं.”

त्याने आतून मॅनेजरला बोलावलं. पोरगा टाय लावलेला, वागायला अगदी गोड. मी धूमकेतूचं सांगितलं, आईचं सांगितलं, बायनॉक्युलर दाखवली.

“सॉरी मॅम, डेक फक्त मेंबर्ससाठी आहे.”

“तुमच्या खुर्च्यांवर बसणार नाही हो. फक्त पश्चिमेला बघणार.”

“तेच ना मॅम. व्ह्यू पण मेंबर्सचाच आहे.”

तो चेष्टा करत नव्हता. हेच मला सहन झालं नाही. माझे वडील त्या जमिनीवरच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. ज्या जागी हा पोरगा उभा होता तिथे कुठेतरी त्यांच्या खात्याचं दार असणार. हे मी त्याला मोठ्या आवाजात सांगितलं. रस्त्यावरचे लोक थांबले. तो ‘येस मॅम, येस मॅम’ करत राहिला, आणि गेट उघडलं नाही.

वळताना आई गार्डला म्हणाली, “आकाश पण इकत घेतलास काय रे बाबा?” तो बिचारा बिहारचा. काय समजला कोण जाणे, त्याने आईला खुर्ची आणून दिली. आई बसली नाही.

कुणी म्हणेल, लालबागकरांनी दिव्यांबद्दल, आकाशाबद्दल बोलावं का? गणपतीत आमच्या इथे सुईत दोरा ओवता येईल एवढा उजेड असतो. असतो, कबूल. पण तो दहा दिवस असतो आणि त्यात कुणालाही उभं राहता येतं.

दादर

दुसऱ्या दिवशी मिलिंद आला. पांढरा शर्ट, डोळे जागरणाने लाल, पण खांद्यावर दुर्बीण. “काकी, चला. दादरच्या चौपाटीवर जाऊ. समोर फक्त समुद्र. टॉवर कुणाचा बाप बांधणार तिथे?”

शिवाजी पार्कला वळसा घालून समुद्रावर पोचलो तेव्हा सूर्य अजून वर होता. तिथे आता बसायला छान सज्जा केलेला आहे. फिरायला आलेली मंडळी, पोरंटोरं, रेलिंगला टेकून फोटो काढणारी जोडपी. मिलिंदने स्टँड उघडलं न उघडलं तोच गणवेशातला एक माणूस आला.

“कॅमेरा लावायला परमिशन लागते.”

“कॅमेरा नाही, दुर्बीण आहे.”

“तेच ते. मोठा आहे ना. प्रोफेशनल.”

“अहो, बघा ना डोळा लावून. ह्यात फोटो निघतच नाही!”

त्याने डोळा लावला. समोर समुद्रात नांगरलेली होडी उलटी दिसली. त्याला ते आवडलं, पण नियम तो नियम. स्टँड जमिनीला टेकवायचं नाही, असं शेवटी ठरलं. मग मिलिंदने दुर्बीण बाकावर, आपल्या पिशवीवर टेकवून धरली. पोराला दूध पाजावं तशी.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरे बूट, हातात काठी, बोलणं एकदम शुद्ध. आपण निवृत्त इंजिनीयर आहोत आणि इथेच पार्कसमोर राहतो, हे त्यांनी आम्ही न विचारता सांगितलं.

“धूमकेतू का? बघू नये हो. विशेषतः वयस्कर व्यक्तींनी. अनिष्ट असतो. मला सविस्तर आलंय कालच.” त्यांनी मोबाइल वर केला.

मी तोंड उघडणार होते, पण मिलिंद आधी बोलला. आवाज चढवला नाही त्याने. “काका, माझ्या आजोबांची सावली पडली तरी अनिष्ट व्हायचं. गावाबाहेर ठेवलं होतं त्यांना त्यापायी. परवाच आमची लाखो माणसं नागपूरला जाऊन आली, ते हे सगळं सोडून दिलं म्हणून. आता सावलीवर बोलता येत नाही तर तुम्ही ह्या बर्फाच्या गोळ्याला धरलंय होय?”

“मी तसं म्हणालो नाही,” गृहस्थ म्हणाले.

“तुम्ही पुढे पाठवलंत ना पण?”

ते काठी टेकत निघून गेले. मिलिंद दुर्बिणीची काच पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

सूर्य गेला. लाल पट्टा विरला. शुक्र दिसायला लागला, डावीकडे खाली, दुधासारखा. “आता त्याच्या उजवीकडे बघ,” मिलिंद म्हणाला, आणि त्याच क्षणी सज्ज्यावरचे सगळे दिवे लागले. वरून, खालून, रेलिंगच्या आतून. झाडांच्या खोडांना गुंडाळलेल्या निळ्या माळा लागल्या. माणसांनी जल्लोष केला. समुद्र दिसेना, तर आकाशाचं काय घेऊन बसलात!

साबुदाणा वडा आणि पियूष पोटात गेल्यावर मिलिंद जरा शांत झाला. मी नाही झाले. ग्रुप उघडला तर एका पुणेकराने सिंहगडाच्या वाटेवरून काढलेला फोटो टाकला होता, लांबलचक शेपटी. खाली लिहिलं होतं, ‘कुठल्याही मोकळ्या जागेवरून सहज दिसतोय!’ सहज! मी त्याला जे उत्तर लिहिलं ते अॅडमिनने काढून टाकलं.

गिरगावचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की डोकं उठतं. चौपाटीवर गर्दी, मागे इमारतींची रोषणाई, समोर धुरकट हवा. लोक रबराने उडवायची दिव्याची खेळणी घेऊन आले होते. एक सर्रकन वर गेलं आणि आईने माझा दंड धरला, “त्यो बग! त्यो बग इलो!” तिचा चेहरा असा उजळला होता की मला ‘नाही’ म्हणवेना. ते खेळणं गरगरत खाली आलं आणि एका पोराने झेललं.

टॅक्सीत आई म्हणाली, “ऱ्हवांदे गो. माका नको तो तारो.”

माहीम

लॅबमध्ये मी दुसऱ्या दिवशी रक्ताच्या नळ्या जरा जोरातच ठेवत असणार. ज्योती तांडेल माझ्याशेजारी बसते, माहीमच्या कोळीवाड्यातली. “वैशालीताई, झालं काय?” सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आईंना घेऊन या आज. दुपारचंच या. जेवायला.”

ज्योतीचं घर किनाऱ्याला लागूनच. दारात जाळी, आत ओळीने स्टीलचे डबे, आणि पश्चिमेच्या खिडकीवर ताडपत्री ठोकलेली. मला वाटलं, पावसाळ्यात लावलेली काढायची राहिली. ज्योतीचे सासरे पांडुरंगदादा म्हणाले, “पाऊस नाय. लाइट. समोर नवीन रंगीत लाइट लावलेत भिंतीला. जांभळा, हिरवा, जांभळा, हिरवा. झोप लागत नव्हती.”

“तुम्ही मागितले होते?”

“आम्ही मागितला होता एक बल्ब. धक्क्याच्या पायऱ्यांवर. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन उतरतात काळोखात, शेवाळ असते. माझ्या भावजयीचा हात मोडला तिथं.” ते हसले. “बल्ब नाय आला. ही रोषणाई आली. फिरणाऱ्यांना बरं वाटते.”

मी आठवडाभर अंधार मागत फिरत होते. ही माणसं उजेड मागत होती. आणि दोघांनाही नको ते मिळालं होतं. माझ्या रागाला त्या दुपारी जरा नीट दिशा मिळाली म्हणायला हरकत नाही.

जेवण मात्र रागाला जागा ठेवणारं नव्हतं. कुरकुरीत बोंबील, तांदळाची भाकरी, कोळंबीचं लालभडक कालवण. आईने पहिला घास घेतला आणि थांबली. “नारळ खंय?”

“आमच्यात नाय घालत, मावशी,” ज्योतीची सासू म्हणाली. “नारळाने मासळी झाकून जाते.”

“झाकता? नारळ नसलो तर ती कढी कसली? आणि तिरफळा?”

“तिरफळं बांगड्याला तुमच्या मालवणात. कोळंबीला कशाला?”

दोघी अर्धा तास तेवढ्यावर बोलत होत्या. आईने कालवण दोनदा घेतलं, मत मात्र बदललं नाही.

लॅबमधून आम्ही दोघी निघालो तसाच मिलिंद बँकेतून हाफ डे टाकून पोचला. पांडुरंगदादांनी त्याची दुर्बीण बघितली आणि मान हलवली. “ही इथेच ठेवा. होडीत काय उपयोग नाय.”

“होडीत?” मिलिंद म्हणाला.

“मग? ह्या लाइटमधून काय दिसणार? सी-लिंकच्या पलीकडे जाऊ. मला जाळं बघायचंच आहे.”

मिलिंदला पोहता येत नाही. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आईकडे बघितलं तर ती पदर खोचून तयार होती.

उजेडीच निघालो. भरती होती, होडी पायऱ्यांना लागली, आई दोघांच्या हातांवरून आत आली आणि आडव्या फळीवर अशी बसली की जणू रोज याच होडीने बाजारला जाते. इंजिन सुरू झालं. किनाऱ्यावरचा वास, प्लास्टिकचा तरंगता गाळ, सगळं मागे पडलं. मिलिंद दोन्ही हातांनी कड धरून बसला होता आणि सी-लिंकचे दोर मोजल्यासारखं तोंड हलवत होता. नंतर म्हणाला, त्रिशरण म्हणत होतो, बुद्धं सरणं गच्छामि.

पुलाखालून गेलो तेव्हा वर गाड्यांचा घरघराट होता. पलीकडे गेल्यावर तो एकदम तुटला. पाणी मोठं झालं. सूर्य बुडाला होता. पांडुरंगदादांनी इंजिन बंद केलं, होडीचा दिवा तेवढा ठेवला, त्यावरही आपला गमछा टाकून आमची बाजू काळोखी केली. मुंबई पाठीमागे होती, चंद्रही तिकडेच. मागे वळून बघायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं.

शुक्र आला. मग उजवीकडे वर स्वाती, नारिंगी. मिलिंद भीती विसरला. “आता दोघांच्या मध्ये बघा. जरा वर. सरळ त्याच्याकडे नको, किंचित बाजूला बघा.”

मी बायनॉक्युलर लावली. होडी हलत होती, तारे रेघा मारत होते. मग एक रेघ अशी आली की जी होडी थांबली तरी राहिली. एक धूसर ठिपका, आणि त्यातून वरच्या बाजूला निघालेली, कुणी बोटाने पिठावर ओढावी तशी रेघ.

मी आईला बायनॉक्युलर दिली. तिने ती मांडीवर ठेवली.

“आई, लाव ना डोळ्याला.”

“कित्याक? दिसता माका.”

“कुठे?”

तिने हात वर केला आणि बोट बरोब्बर तिथे नेलं. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढलेले डोळे तिचे. मग मलाही नुसत्या डोळ्यांनी दिसला. अगदी फिका, असून नसल्यासारखा. पण होता.

पाण्याचा चपचप आवाज तेवढा. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती खूश असेल असं मला वाटलं होतं. ती रागावली होती.

“ह्यो बारको नाय हा,” ती म्हणाली. “मालवणाक होतो तेवढोच आसतलो. ह्येका फिको केल्यानी ह्या लोकांनी. इतक्या लांबसून इलो बिचारो, आणि ह्येका बगूक कोण नाय.” तिने पदराने डोळे पुसले. “तुझे बाबा गेले ते न बगताच गेले गो. गिरणीत्सून इले, निजले, गिरणीत गेले. तेंका वर बगूक कोणी दिलाच नाय.”

मी तिचा हात धरला. मिलिंदने तोंड फिरवलं.

परत फिरलो तेव्हा आई उलटी, समुद्राकडे तोंड करून बसली. पूल जवळ आला तसा आकाशाचा रंग मळला, नारिंगी झाला. पुलाखालून बाहेर आलो आणि ती म्हणाली, “गेलो.”

धक्क्याला लागलो तेव्हा ओहोटी लागली होती, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. वर भिंतीवर जांभळा, हिरवा, जांभळा, हिरवा. पायऱ्यांवर मिट्ट काळोख. मोबाइलचा टॉर्च लावेपर्यंत आईचा पाय शेवाळावरून गेला. पांडुरंगदादांनी तिला कमरेत धरलं म्हणून डोकं वाचलं, पण नडगी पायरीवर घासली आणि रक्त यायला लागलं.

मी ‘आई, आई’ करत होते. तिने मला बाजूला केलं, पायरीवर बसूनच मान वर केली आणि भिंतीवर हातात आइस्क्रीम घेऊन उभ्या असलेल्या लोकांना सगळ्या घशाने ओरडून सांगितलं, “दिवो हंय लावा रे मेल्यांनू! हंय लावा! थंय काय लावतास?”

दोघातिघांनी वाकून बघितलं. एकाने फोटो काढला.

पुढचं. मी आणि मिलिंद कचेऱ्या फिरलो. एका ठिकाणी सांगितलं, धक्का आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, सुशोभीकरण आमच्याकडे नाही. रंगीत दिवे रात्री निदान वरच्या बाजूने झाका, असं मी म्हटलं तेव्हा तिथले साहेब चहा खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, आकाश कुठल्याच खात्यात येत नाही.” मी विचारलं, पायऱ्या येतात का? तर हसले.

शेवटी मिलिंदनेच केलं. तो आणि पांडुरंगदादा एका रविवारी बसले. पत्र्याचा डबा कापला, त्याची टोपी केली, आत पिवळा बल्ब, ज्योतीच्या घरातून वायर. दिवा पायऱ्यांवर पडतो, शेवाळ दिसतं, टोपल्या घेतलेल्या बाया नीट उतरतात. वर एक कवडसासुद्धा जात नाही. आम्ही ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. धूमकेतूच्या एकाही फोटोला आले नसतील एवढे प्रश्न आले, टोपी कशी कापली, बल्ब कुठला.

महिन्याभराने कुणी साहेब पाहणीला आले. रोषणाई बघितली, समाधान व्यक्त केलं. मग खाली बघून म्हणाले, हा दिवा अनधिकृत आहे, काढावा लागेल.

ज्योतीची सासू तेव्हा टोपली घेऊन त्याच पायऱ्या चढत होती. ज्योती सांगते, ती थांबलीसुद्धा नाही. त्यांच्या अंगावरून जाता जाता म्हणाली, “काढा की. खाली उतरा आणि काढा.”

साहेबांनी पायऱ्यांकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. दिवा अजून तिथेच आहे.